पश्चात्तापाची उत्तेजक चाचणी

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका काचेच्या इमारतीत खेळाडूंच्या जाहीर माफ्या तपासून देणारी कंपनी आहे. मोरेश्वर तिथे सीनियर टेस्टर होता. बेसबॉलचा एखादा खेळाडू बंदी असलेली इंजेक्शनं घेताना सापडला, की त्याची माफी टीव्हीवर जाण्याआधी मोरेश्वरच्या टेबलावर येई. पूर्वी तो बँकांचं सॉफ्टवेअर तपासायचा. काम तेच आहे, फक्त आता बग माणसात असतात, असं तो बायकोला, सुवर्णाला सांगे.

तपासणीची पद्धत शास्त्रीय होती. उपनगरातले चाळीसेक रिकामटेकडे लोक सँडविच देऊन हॉलमध्ये बसवले जात. त्यांना 'नमुना-जनता' म्हणत. ही जनता माफी बघत बटणं दाबी आणि त्यातून पश्चात्ताप निर्देशांक निघे. ऐंशीच्या वर गेला, की माफी प्रसारणास योग्य. मोरेश्वरला स्वतःला मात्र या विषयाचा काडीचा अनुभव नव्हता. नागपूरला त्याच्या घरी कोणी कोणाला सॉरी म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. चुकलेला माणूस तासाभरानं "चहा घेणार का?" असं विचारी आणि प्रकरण निकालात निघे.

अशात ब्रेंट कॉलवे आला. चेंडू मैदानाबाहेर टोलवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्या हातात काय टोचलं होतं ते आता जगाला कळलं होतं. तो नमुना-जनतेसमोर उभा राहून म्हणाला, "मी इंजेक्शनं घेतली. चेंडू लांब गेले. मला मजा आली, तुम्हालाही आली. वाईट एवढंच वाटतं, की माझ्यामुळे डॅनीची टीममधली जागा गेली. तो काही न घेता खेळत होता. मला त्याला फोन करायचाय."

निर्देशांक आला अकरा. लेखी अभिप्राय असे होते: रडला नाही. कुटुंबाचा उल्लेख नाही. आम्हाला मजा आली, हे सांगायची गरज नव्हती.

"मो, यात इमोशन कुठंय?" मॅनेजर हेदरनं विचारलं.

"तो खरं बोलतोय, हेदर."

"ते दिसतंय. ते काढता येईल का?"

माफी पास झाली नाही तर कंत्राट जाणार होतं. कंत्राटापाठोपाठ मोरेश्वरची नोकरी, नोकरीपाठोपाठ व्हिसा, आणि मग मुलीला, इशिताला शाळेतून काढून, घर विकून, भारताचं विमान. मोरेश्वरनं इंडियन स्टोअरमधून चांगला झणझणीत लाल कांदा आणला, पँट्रीत किसला आणि त्याचा रस ब्रेंटच्या रुमालाला चोळला. ब्रेंटनं रुमाल डोळ्यांना लावला आणि तो ढसाढसा रडला. निर्देशांक एक्याण्णव. देशानं त्याला माफ केलं, बंदी अर्ध्यावर आली.

पण प्रतिस्पर्धी संघाच्या वकिलांनी चित्रफीत सावकाश चालवून पाहिली. दुःखद वाक्य यायच्या आतच ब्रेंटचा डावा डोळा वाहू लागला होता. लीगनं तातडीनं 'अश्रू शुद्धता मंडळ' नेमलं. ब्रेंटच्या रुमालातले अश्रू दोन सीलबंद बाटल्यांत पिळून घेण्यात आले. दोन्हींत कांदा सापडला.

तेव्हापासून नियम कडक झाले. माफीपूर्वी खेळाडूला स्वयंपाकघर नसलेल्या हॉटेलात ठेवू लागले. सर्दी झालेल्यांना वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करावा लागे. स्टेडियममध्ये हॉट डॉगवरचा कांदा कुलपात गेला. ब्रेंटला आधीच्या माफीबद्दल नवी माफी मागायचा आदेश निघाला. त्याला या सगळ्याचा वीट आला. त्यानं सरळ डॅनीला फोन लावला, दोन वाक्यांत सॉरी म्हटलं आणि तो गावी निघून गेला. मंडळानं ही माफी अनधिकृत ठरवून त्याची बंदी आजन्म केली.

मग कांदा कोणाचा, ही चौकशी सुरू झाली आणि ती मोरेश्वरपाशी येऊन थांबली.

"तू स्वतः नमुना-जनतेसमोर माफी माग," हेदर म्हणाली. "ऐंशी मिळाले तर तू राहशील. नाहीतर सामान न्यायला खोका देते."

घरी सुवर्णा म्हणाली, "अरे, झालं ते सरळ सांगून टाक ना."

"सरळ सांगितलं की अकरा मिळतात गं."

मोरेश्वरचे डोळे आधी धुऊन, तपासून, प्रमाणित करण्यात आले. तो उभा राहिला.

"माझे बाबा आईला कधी सॉरी म्हणाले नाहीत. भांडण झालं की ते चहा करायचे. आई गेली त्या सकाळीही त्यांनी चहा केला. तिच्या उशाशी कप ठेवला आणि विचारलं, 'घेणार का?' दुपारपर्यंत ते तिथेच बसून होते. कपावर साय धरली. म्हणून मला माफी मागता येत नाही. आज पहिल्यांदा मागतोय."

हॉलमध्ये हुंदके फुटले. मोरेश्वरच्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि ते प्रयोगशाळेत शंभर टक्के शुद्ध निघालं. निर्देशांक सत्त्याण्णव. हेदरनं त्याला मिठी मारली आणि प्रमोशनचं सूतोवाच केलं. वाचकांपैकी ज्यांनी इथे आवंढा गिळला, त्यांचीही मतं या आकड्यात धरली आहेत.

दोन दिवसांनी तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत नागपूरला पोचला आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. ती मटार सोलत बसली होती. तब्येत ठणठणीत होती.

"मोरू, मी कधी गेले रे?"

सांगायला काहीतरी जुळवावं म्हणून मोरेश्वरनं डोकं खाजवलं. पण समोर ती होती, चष्मा नाकावर घसरलेला, आणि त्याला खरोखरच लाज वाटली.

"आई, नोकरी जात होती गं. तुला मारायला नको होतं. चुकलं माझं."

जन्मात पहिल्यांदा तो हे म्हणत होता. कांदा नव्हता, हॉल नव्हता, बटणं नव्हती. आईनं घसरलेला चष्मा वर सरकवला.

"हे काय कोरडंकोरडं?" ती म्हणाली. "मनापासून वाटत नाही काही. त्या लोकांसमोर किती छान रडलास! मला तर भरूनच आलं."

तिनं फोन ठेवला, बाबांना हाक मारली आणि तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.