सगुणा म्हशीची नदी सुशोभित होते

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक नदी होती. ती जंगलाच्या मधोमध वाहायची, म्हणून सगळ्यांच्या सोयीची होती. ज्याला जे नको असेल ते तो तिच्यात टाकायचा. वानरांच्या खानावळीचं खरकटं, फाटक्या पिशव्या, राजवाड्याचं सांडपाणी, सगळं तिच्यात जायचं.

नदीकाठी सगुणा नावाची म्हैस राहायची. दुपारी पाण्यात डुंबणं एवढंच तिचं सुख होतं. पण पाणी इतकं नासलं, की वर आल्यावर तिच्या अंगाला खाज सुटायची. तिनं नदीखात्याकडे सात अर्ज केले. सातवा द्यायला गेली तेव्हा कळलं, पहिला अजून वाचायचाय.

मग एका सकाळी ती स्वतःच नदीत उतरली आणि शिंगांनी कचरा काठावर ओढू लागली. शेजारचा खेकडा धोंडीबा बिळाच्या तोंडाशी बसून बघत होता.

"वहिनी, हे खात्याचं काम आहे," तो म्हणाला.

"खाज मला सुटते, भाऊजी. खात्याला नाही."

धोंडीबाला ते पटलं. तोही गाळ उपसू लागला. मग पाणमांजरं आली, बगळे आले. सगुणा खानावळीत जाऊन वानरांशी बोलली, तेव्हा त्यांनीही खरकटं टाकायला वेगळा खड्डा खणला. चार महिन्यांनी तळाचे गोटे दिसू लागले. सगुणा दुपारी पाण्यात बसली की दिवस मावळल्यावरच उठायची.

गोटे दिसले, तसे नदीखात्याचे कोल्हेसाहेबही दिसले.

"उत्तम काम," साहेब म्हणाले. "आता हे आपण मिळून करू. तुम्ही आणि आम्ही. समिती नेमू."

सगुणाला मनापासून बरं वाटलं. आजवर तिचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि आता समितीत तिच्या नावाची खुर्ची होती. म्हशीला खुर्चीत बसता येत नाही, म्हणून ती खुर्चीशेजारी उभी राहायची.

समितीचा पहिला ठराव असा, की मंजुरीशिवाय कोणी नदीत काम करू नये. दुसरा असा, की कचरा टाकणाऱ्यांना अडवायला काठाने उंच कठडा बांधावा. हा दुसरा सगुणानंच सुचवला होता. त्यावर तिनं खुराचा ठसाही दिला.

कठडा झाला. बाक आले, कारंजं आलं. उद्घाटनाला सिंहमहाराज आले. त्यांनी सगुणाला हार घातला. तो तिनं तिथंच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डुंबायला गेली. फाटकावर शिट्टी घेऊन एक वानर उभा होता.

"मावशी, आत जाता येणार नाही."

"अरे, मी समितीत आहे."

"मग तुम्हाला माहीत असेल. नदी आता बघायची. डुंबायची नाही."

सगुणा तडक कोल्हेसाहेबांकडे गेली.

"ताई, कोणी डुंबलं की पाणी गढूळ होतं," साहेब समजुतीनं म्हणाले. "पण तुमची आठवण म्हणून काठावर डुंबणाऱ्या म्हशीचा पुतळा बसवतोय."

"साहेब, मी जिवंत आहे."

"म्हणून तर लहान बसवतोय."

सगुणा घरी आली.

राजवाड्याचं सांडपाणी मात्र कुठंतरी सोडायला हवं होतं. सुशोभित नदीत ते बरं दिसेना. खात्यानं पाइप वळवून ते वस्तीमागच्या खोलगट जागेत सोडलं. तिथं मोठं डबकं साचलं.

उन्हाळा आला. सगुणाचं अंग भाजून निघू लागलं. चार दिवस तिनं कळ काढली आणि पाचव्या दिवशी डबक्यात उतरली. धोंडीबा आधीपासूनच तिथं होता. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

थोड्या वेळानं सगुणाच्या शिंगाला एक फाटकी पिशवी अडकली. पिशवी काठावर टाकायला ती निघाली.

"वहिनी," धोंडीबा हळूच म्हणाला, "राहू द्या ती पाण्यातच. स्वच्छ दिसलं तर साहेब येतील."

सगुणानं आजूबाजूला पाहिलं. मग पिशवी पुन्हा पाण्यात सोडली, आणि वर थोडा गाळही ढवळला.

तात्पर्य: सार्वजनिक जागा जरूर स्वच्छ ठेवावी, पण सरकारच्या डोळ्यांत भरेल इतकी ठेवू नये.