भुजंगरावांचा डावा हात

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व-दीर्घाचं नीट पुढच्या वर्षी शिकवू, असं चौथीच्या गुरुजींनी सांगितलं होतं, आणि पाचवीची शाळा ओढ्यापलीकडं निघाली. ओढा काही मी ओलांडला नाही. तेव्हा चुकलंमाकलं असेल ते वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. शिवणात मात्र माझा टाका सरळ असतो. मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

आमचे घरमालक भुजंगराव एका हातानं नमस्कार करायचे.

उजवा हात छातीपुढं उभा, आणि डावा पॅंटीच्या खिशात. देवळात तसंच, लग्नात तसंच, मयताच्या घरीसुद्धा तसंच. भाजी घेताना पिशवी दातात धरायचे, पण डावा हात बाहेर येत नसे. एकदा निवडणुकीला उभा राहिलेला माणूस दारात हात जोडून उभा होता. भुजंगरावांनी त्याला अर्धा नमस्कार केला. त्यानं बिचाऱ्यानं या घरातलं अर्धंच मत धरलं असेल.

"माजलाय," शेजारच्या शारदम्मा म्हणायच्या. "बायको गेल्यापासून तर फारच."

मीही तेच समजत होते. आम्ही त्यांच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आलो तेव्हा महिनाभर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तशी मी कुणाशीच बोलत नाही. मी साड्यांना फॉल लावते, आणि फॉल लावताना तोंडात टाचण्या असतात ते एक बरं आहे.

मग एक दिवस ते चार पॅंटी घेऊन आले. चारींचा डावा खिसा फाटलेला, उजवा नवाकोरा. मी काही विचारलं नाही. टाचण्या होत्याच. त्यांनी आपणहून सांगितलं.

"अक्का, जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व असतात ना, त्या डब्यात चारशे व्होल्ट असतात. चालू डब्यात एक हात घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही घातले तर करंट या हातानं शिरतो आणि त्या हातानं निघतो. मधे वाटेत काय लागतं?"

मी फाटका खिसा उलटा करून बघितला.

"काळीज," ते म्हणाले, आणि कॉलर सैल केली.

टेलिफोनच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. तिथं काही झालं नाही, आणि घरी रेडिओ दुरुस्त करताना दोन्ही हात आत गेले. झटक्यानं ते तांदळाच्या पिंपावर जाऊन आदळले. त्यांची बायको अंबक्का तेव्हा होती. ती रडली नाही, ओरडली नाही. सुईदोरा घेऊन बसली आणि त्यांच्या सगळ्या कपड्यांना डावीकडं खिसा लावला. पायजम्याला लावला, बनियनला लावला, स्वेटरलाही लावला. म्हणाली, "उजवा तुमचा, डावा माझा. माझा हात परत आत घातलात तर बघा."

"मग देवळात तरी काढा की तो," मी टाचण्या काढून म्हणाले. माझं त्यांच्याशी पहिलं वाक्य.

"बेडा अक्का, नको. सवय म्हणजे चोवीस तासांची. देवळात सुटली तर डब्यातही सुटणार."

त्या वर्षी पोस्टानं त्यांच्याकडं एक मोठं खोकं आलं. व्हॉल्वचा अॅम्प्लिफायर घरी जोडायचं सामान. पत्र्याचा सांगाडा, काचेचे चार व्हॉल्व, वायरींची भेंडोळी आणि एक पुस्तक. दोन संध्याकाळींत जोडून होईल, असं पुस्तकात लिहिलं होतं म्हणे. भुजंगरावांना चौदा महिने लागले.

कारण ते पुस्तकाचं ऐकत नसत. "लिहिणाऱ्यानं माझं घर बघितलंय काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डॉक्टरांनी गोळी दोनदा घ्या म्हटलं तरी हेच, पंचांगात राहुकाळ निघाला तरी हेच. पुस्तकात एक कंडेन्सर असेल तिथं हे दोन लावत. इकडची वायर तिकडून नेत. दर आठवड्याला एक तुकडा निघे आणि मार्केटातून आणलेला दुसरा बसे. शेवटी मूळ सामानातलं फक्त झाकण उरलं, आणि त्यालाही त्यांनी भोकं पाडली.

मग त्यांना त्यात नवे बसवलेले ट्रान्स्फॉर्मरही आवडेनासे झाले. एस. पी. रोडवर एक म्हातारा हातानं तार गुंडाळून ट्रान्स्फॉर्मर करायचा, तो दुकान बंद करून गावी निघाला होता. त्याची शेवटची जोडी पंधराशे रुपयांना होती. भुजंगराव माझ्या दारात येऊन उभे राहिले. एका हातानं मागायलाही त्यांना लाज वाटत होती, आणि दुसरा काढता येत नव्हता.

माझ्याकडं डब्यात बरोबर पंधराशे होते. पिको मशीनसाठी तीन वर्षं साठवलेले. पिको आलं की साडीमागं दुप्पट मिळतात, मान मोडत नाही. पण मला नाही म्हणता येत नाही. हो म्हणायलाच एवढा वेळ लागतो, नाही म्हणायला किती लागेल?

"बनशंकरीतल्या देशपांड्यानं ही अॅम्प्लिफायरची पेटी बुक केलीय," भुजंगराव म्हणाले. "पाच हजार देणार. फक्त आतली गुणगुण तेवढी जाऊ दे. ज्या दिवशी गुणगुण गेली, त्या दिवशी पेटी त्याची आणि पैसे तुमचे."

तेव्हापासून माझं मशीन त्या गुणगुणीला टांगलेलं. गाणं लावलं नाही तरी पेटी आपली बारीक घूं करायची. देशपांडे पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलेला मुलगा. स्कूटरवरून यायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "काका, टोन एकदम वॉर्म आहे हो, पण हम? हम मला चालणार नाही."

घरी आमचे हे ड्यूटीवरून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, "काय, गुणगुणतंय का अजून तुझं मशीन?"

खरी गंमत अशी, की भुजंगरावांना ती गुणगुण ऐकूच येत नसे. कारखान्यात कान गेलेले. त्यांच्याकडं काट्याचा मीटर होता, पण "मीटरला काटा असतो, कान नसतो," म्हणायचे. पूर्वी हे काम अंबक्का करायची. आता ते माझ्याकडं आलं. न बोलणाऱ्या माणसाला ऐकू चांगलं येतं, असा त्यांचा हिशेब.

रोज सकाळी दहाला हाक यायची. "अक्का, कान!" मी पदर खोचून जायची. स्टुलावर दोन पेले कॉफी झाकून ठेवलेली असायची. मी स्पीकरला कान लावायची.

"आहे?"

"आहे."

"कशी?"

आता गुणगुण कशी ते मी काय सांगणार? मला जे ठाऊक तेच सांगायची. "बरणीत अडकलेल्या माशीसारखी." ते वहीत लिहायचे: सोमवार, माशी, बरणी. "लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी." मंगळवार, गिरणी. एकदा माझ्या तोंडून निसटलं, "शारदम्मा दुपारी झोपतात ना, तश्शी." तेही त्यांनी मान न हलवता लिहिलं: बुधवार, शारदम्मा. गुरुवारी विचारलं, "आज शारदम्मा वाढल्या की कमी?"

शेवटी त्यांनी ठरवलं की घराचं अर्थिंगच कच्चं आहे. अंगणात संपिगेच्या, म्हणजे चाफ्याच्या, झाडाखाली खड्डा खणला. त्यात तांब्याची नळी उभी केली, कोळसा घातला, मीठ घातलं. माती ओली राहावी म्हणून रोज आंघोळ झाल्यावर त्यावर एक कळशी पाणी ओतायचे. उजव्या हातानं, सावकाश, ओठांत आकडे मोजत.

हे शारदम्मांनी खिडकीतून बघितलं. ओलेत्या अंगानं एक माणूस झाडाखाली तांब्याच्या खांबाला पाणी घालतोय, मीठ वाहतोय, काहीतरी पुटपुटतोय. दुसऱ्या दिवशी नळीला कुंकू लागलं होतं. तिसऱ्या दिवशी मल्लिगेचा, मोगऱ्याचा, गजरा. शुक्रवारी पाहिलं तर तीन बायका कळशा घेऊन रांगेत.

भुजंगराव धावत बाहेर आले. "अम्मा, हा देव नाही! हे अर्थिंग आहे!"

"सरी सरी, बरं," शारदम्मा म्हणाल्या. "नाव काही का असेना."

त्याच आठवड्यात शारदम्मांच्या मुलाची लांबची बदली रद्द होऊन जवळचं येलहंका मिळालं. झालं. रोज वीस-पंचवीस कळशा पडू लागल्या. अंगणात चिखल झाला, बेडूक आले. भुजंगराव खिडकीतून ओरडायचे, "पाणी घाला, हळद नको! हळदीनं काही होत नाही!"

आणि एका सकाळी मी स्पीकरला कान लावला, तर आत काही नव्हतं.

मी परत लावला. माशी नाही, गिरणी नाही, शारदम्मा नाहीत. पाणी साठवून नळ बंद केल्यावर घर कसं गप्प होतं, तसं.

"आहे?"

माझं पिको मशीन अगदी जिभेवर आलं. मी वर बघितलं. भुजंगराव पेन्सिल टेकवून थांबले होते. वहीचं पान अर्धं कोरं होतं. स्टुलावर दोन पेले होते. त्या घरात आणखी कुठंच दोन काही नव्हतं.

"स्वल्प आहे," मी म्हणाले.

"कशी?"

"भिंतीपलीकडं कुणी काकडी कोचतंय, तेवढी."

त्यांनी लिहिलं. काकडी. मग आम्ही कॉफी प्यालो.

आठ दिवस मी असं खोटं बोलले. घडीची साडी उलगडल्यासारखी, मांजर स्वप्नात बोलल्यासारखी. चौदा महिन्यांत मी एवढं बोलले नसेन. घरी आमचे हे विचारायचे, मी म्हणायची, आहे अजून. रात्री मान दुखली की स्वतःवरच चिडायची. पैसे माझे, मशीन माझं, आणि पेटी थांबवणारी मीच.

नवव्या दिवशी दहाला हाक आली नाही. देशपांड्याची स्कूटर आली. तो पेटी दुलईत गुंडाळून, रिक्षात घालून घेऊन गेला. मी पडद्याआडून बघत होते.

थोड्या वेळानं भुजंगराव माझ्या दारात.

"अक्का, पैसे."

मी खाली मान घालून म्हणाले, "पण अजून थोडी होती की."

"मीटरचा काटा आठ दिवसांपूर्वीच झोपला."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

बाहेर शारदम्मा अर्थिंगला पाणी घालत होत्या.

"मशीन आलं की सांगा," भुजंगराव म्हणाले. "त्यालाही आवाज असणारच. पुस्तकात लिहिलं असेल तेल घाला म्हणून, पण लिहिणाऱ्यानं तुमचं घर थोडंच बघितलंय? दहाला येत जाईन. मीटर घेऊन."

"कॉफी करीन," मी म्हणाले.

त्यांनी पाकीट पुढं केलं. मग थांबले. आणि खिशातून डावा हात बाहेर काढला. मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. उजव्याहून उजळ होता, कांदा सोलल्यासारखा. तो त्यांनी उजव्या हाताशेजारी पाकिटाखाली धरला.

मीही दोन्ही हातांनी घेतलं. मोजून घ्या म्हणाले, म्हणून मोजले. पंधराशे. पुरते पंधराशे.