गोलातला पहारा

"नवीन काय काढलं ह्या गेमवाल्यांनी, तेवढंच सांग मला," असं म्हणत पप्पूनं दिवाणावर मांडी घातली. त्याचं नारायणगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे यंत्रांच्या बाबतीत बोरी बुद्रुकमध्ये त्याचाच शब्द शेवटचा. "धा वर्षांमागच्या गेमच्या डब्यात बी माणूस पळायचा, उड्या मारायचा, गोळ्या झाडायचा. ह्या तुझ्या नव्या डब्यात बी तेच. फकस्त त्याचं केस वाऱ्यावर उडत्यात."

"केस न्हाई रे राव, माणसं!" आदेश टीव्हीच्या मागं वायर खोचत होता. चाकणच्या कंपनीतून सप्ताहासाठी रजा काढून आला होता आणि कपड्यांच्या आधी बॅगेत डबा भरून आला होता. "नवीन म्हंजी माणसं. आत्ता माझ्या बाजूनं एक पोरगा केरळातनं खेळणार, एक इंदूरचा, एक फलटणचा. हितं बसून."

"आन् शेजारी कोण? उशी! आपण पडदा निम्मा निम्मा वाटून घ्यायचो, खांद्याला खांदा लावून बसायचो. हरलेल्याच्या पाठीत गुद्दा घालता यायचा. आता गुद्दा घालायला केरळात जातो का?"

"एकच मॅच बघ. धा मिनिटं. मंग बोल."

घड्याळात पावणेचार झाले होते. चार वाजता आदेशला भैरवनाथाच्या देवळात वीणा गळ्यात घ्यायची होती. देऊळ दारातून चाळीस पावलांवर, मॅच दहा मिनिटांची. हिशेब चोख होता. फक्त केरळचा पोरगा जेवायला बसला होता, हे हिशेबात धरलेलं नव्हतं.

सप्ताहाचा तो सहावा दिवस. सात दिवस देवापुढे वीणा अखंड वाजती ठेवायची, ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते, पण जमिनीला टेकत नाही. दोन-दोन तासांचे पहारे वाटलेले असतात. बदलीचा माणूस आला की आधीचा त्याच्या गळ्यात वीणा घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि नाम पुढं चालू राहतं. जगात कितीही उलथापालथ होवो, त्या एका तारेत खंड नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण झोपलो तरी कुणीतरी आपल्या वाटणीचं जागं आहे.

आदेशच्या घराला मात्र या वाटणीत एकतीस वर्षं पहारा मिळाला नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी त्याचे आजोबा भागूबाबा दुपारचा पहारा करत होते. त्याआधी महाप्रसादाची लापशी झाली होती, तीही तीनदा. खांबाला पाठ लागली, वारा सुटला, आणि वीणेचा भोपळा हळूच जमिनीला टेकला. एवढंच घडलं. पण तेव्हापासून गावात त्या घराला 'टेकवे' म्हणत. पत्रिकेवर आडनाव वेगळं, सात-बाऱ्यावर वेगळं, गावाच्या तोंडात टेकवे. भागूबाबांचा मुलगा भगवंत, म्हणजे आदेशचे चुलते नाना, तेवीस वर्षं टाळ धरून कीर्तनात उभे राहिले, पण वीणेला त्यांचा हात लागू दिला नव्हता. यंदा दोन घरं परगावी गेली आणि दोन पहारे मोकळे पडले. दोन ते चार नाना, चार ते सहा आदेश. नाना आदल्या दिवसापासून लापशीकडे बघतसुद्धा नव्हते.

आता त्या दुपारी नाना गळ्यात वीणा घेऊन मंडपात संथ येरझाऱ्या घालत होते. बाहेर ऊन पिकलं होतं. कुकडी नदीच्या अंगानं येणारा वारा मंडपाचं कापड फुगवत होता, सोडत होता, जणू गाव झोपेत श्वास घेत होतं. खांबाशी चिमाजीबुवा आणि तिघे टाळकरी टाळ मांडीवर ठेवून पेंगत होते. नानांना वाटत होतं, हे असंच राहावं. पायाखाली सतरंजी, बोटाखाली तार, ओठांवर "राम कृष्ण हरी". जमीन वीतभर खाली, आणि आपण कुठंतरी वर.

चारला दहा कमी असताना त्यांची नजर समोर गेली. देवळातून घराचा उंबरा दिसे. उंबऱ्यावर आदेशच्या चपला होत्या. पाच मिनिटांनी पाहिलं, चपला तिथंच.

चारला कीर्तन होतं. पूर्वी ते रात्री असे, पण बिबट्याचा वावर वाढल्यापासून बाया-माणसं उजेडात घरी पोचावीत म्हणून यंदा ते चार ते सहा ठेवलं होतं. महाराज मढहून येणार होते, नाना ज्यांच्या कीर्तनाची वर्षभर वाट बघत. महाराज उभे राहणार, गाव जमणार आणि गावासमोर कळणार, की टेकव्यांचा पोरगा पहाऱ्याला आलाच नाही.

पहाऱ्यात नामाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, असा नानांचा नेम. म्हणून चिमाजीबुवांना उठवायला त्यांनी नामच मोठ्यानं घेतलं. बुवांनी डोळे उघडले. नानांनी भुवईनं घराकडे खूण केली. बुवांना वाटलं, भगवंताला रंग चढलाय. त्यांनी टाळ उचलले आणि दुप्पट जोरात साथ धरली.

शेवटी नानांनी ठरवलं. चाळीस पावलं, जायचं आणि पोराला धरून आणायचं. ते मंडपाची पायरी उतरले.

आता बोरीत एक रीत आहे. वीणा देवळाबाहेर पडली की ती दिंडी. कुणी विचारत नाही कुठं, का. चिमाजीबुवांनी वीणा निघालेली पाहिली आणि कमरेला उपरणं कसलं. "उठा रं! दिंडी लवकर काढली वाटतं!" तिघे टाळकरी उठले. टाळांचा आवाज ऐकून शेजारची गजराबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि तिनं नानांच्या पायांवर पाणी घातलं. "आगं बया, यंदा येळ बदलली? कुणी सांगितलं बी न्हाई!" तिच्यामागून आणखी सात-आठ बाया. नाना मान हलवून नको नको म्हणत होते, पण मान हलवणाऱ्या वीणेकऱ्याला लोक तल्लीन समजतात. घराशी पोचेपर्यंत मागं तीस माणसं होती.

दारात नानांची बायको अंजना पापड वाळवत होती. दिंडी आपल्याच दारी वळलेली पाहून तिचे डोळे भरले. एकतीस वर्षं दिंडी या दारी थांबली नव्हती! ती धावत जाऊन औक्षणाचं ताट घेऊन आली. नानांनी घाईनं कुंकू लावून घेतलं आणि आत शिरले. दिंडीही आत शिरली.

आदेश कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर उभा होता. पडद्यावर हिरवी टेकडी, तिच्यावर उजेडाचं एक गोल रिंगण आणि रिंगणात बंदूकवाला माणूस.

"पप्प्या, माईकमधनं टाळ कसं काय ऐकू येत्यात?" आदेशनं वळून न बघताच विचारलं.

"माईकमधनं न्हाई. माघारी बघ."

आदेशनं मागं पाहिलं. नाना, वीणा, चिमाजीबुवा, गजराबाई, औक्षणाचं ताट.

नानांचा नेम तिथं मोडला. "आदेश! चार वाजलं!"

"नाना, दोन मिनिटं! फायनल हाय!"

"थांबीव त्ये!"

"थांबत न्हाई! ऑनलाइन हाय, ह्याला पॉज नसतो!"

"पॉज नसतो म्हंजी?" नानांनी टीव्हीकडं बोट केलं. "दोन वर्षांच्या पोराला बी थोपटून निजवता येतं, आन् ह्याला थांबवता येत न्हाई? हीच का रं तुमची सुधारणा?"

"हेच म्हणतो मी, नाना!" पप्पू दिवाणावरून ओरडला. "जुन्या डब्यात व्हता पॉज!"

"नाना, पलीकडं तीन माणसं माझ्या भरवशावर हाईत!" आदेशचे अंगठे चालूच होते. "ह्या गोलात कुणीतरी उभं राहायला लागतं. गोल सोडला की सगळी हरली. तुमच्या वीणेला हाय का पॉज?"

टाळ थांबले. नानांनी गळ्यातल्या वीणेकडं पाहिलं, मग पडद्यावरच्या गोलाकडं. तेवीस वर्षांत त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ते काहीतरी बोलायला म्हणून एक पाऊल पुढं आले, आणि त्यांचा पाय डब्याच्या वायरीत अडकला.

पुढं जे झालं ते एका श्वासात झालं. नाना झुकले, वीणेचा पट्टा डोक्यावरून निसटला, भोपळा फरशीकडं निघाला. अंजनाच्या तोंडून "आईऽऽ" निघालं. आदेशनं हातातला गेमचा रिमोट हवेत सोडला आणि गुडघ्यांवर घसरत दोन्ही हातांनी वीणा झेलली. आणि नानांनी, पडणारी वस्तू झेलायची एवढंच शरीराला कळत असल्यामुळे, रिमोट झेलला.

चिमाजीबुवा तोवर फरशीवर आडवे पडले होते. गाल जमिनीला लावून, एक डोळा मिटून त्यांनी भोपळ्याखालची फट बघितली. सगळं घर त्यांच्याकडं बघत राहिलं.

"चार बोटं," बुवा म्हणाले. "चार बोटं फट हाय. टेकली न्हाई!"

गजराबाईनं दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली. बुवा उठता उठता म्हणाले, "आन् बदली बी झाली. चार वाजलं, वीणा पोराच्या हातात हाय. घाल रं गळ्यात. चला, म्हाराजांची गाडी आली आसंल!"

आदेशनं वीणा गळ्यात घातली. टाळ कडाडले. दिंडी वळली. वीणा पुढं निघाली की मागं वळायचं नाही, हेही रीतीतलंच. दारातून बाहेर पडताना आदेश फक्त ओरडला, "नाना, खाली ठिवू नका! गोलातनं हालू नका!"

घरात नाना उरले, हातात रिमोट, गळ्यात पप्पूनं आदेशच्या कानावरून काढून अडकवलेला हेडफोन. त्यातून बारीक आवाज येत होता, "अंकल, हिलना मत! बस खड़े रहो! हम संभाल लेंगे!"

न हलता उभं राहणं. एवढं एकच काम नानांना साऱ्या आयुष्यात उत्तम जमत होतं. पडद्यावर त्यांचा माणूस टेकडीवर उभा होता. खाली गोळ्यांचा कल्लोळ चालला होता, पण नानांना दिसत होतं ते गवत. वाऱ्यानं लवणारं, उठणारं. दूर एक नदी, तिच्यावर संध्याकाळचा रंग. कुकडीच जणू, पण काठाला उसाचा ट्रॅक्टर नाही. त्यांच्या ओठांवर आपोआप नाम आलं.

देवळाकडून मृदंग ऐकू आला. महाराजांचा पहिला खडा सूर वाऱ्यावरून आला, घरात शिरला आणि भिंतीशी विरला. नानांचा जीव तिकडं ओढ घेत होता. पाय इकडं.

सहा वाजून गेल्यावर आदेश वीणा पुढच्याच्या गळ्यात घालून धावत घरी आला. उंबऱ्यातच थबकला. नाना तिथंच उभे होते. रिमोट छातीशी धरलेला. पडद्यावर कुठली लढाई नव्हती. मोठी सोनेरी अक्षरं होती आणि त्यांच्यामागं ते गवत हलत होतं.

"मॅच?" त्यानं विचारलं.

"चार वाजून धा मिनिटांनी जिंकली," पप्पू दिवाणावरून म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "धा येळा सांगितलं, नाना, संपलं, ठिवा, कीर्तनाला जावा. तर म्हणत्यात, बदली आली का? बदली आल्याबिगर कसं ठिवायचं?"

"टेकव्यांच्या घरातनं येकदाच टेकली," नाना म्हणाले. "आता काहीच टेकायचं न्हाई."

आदेशनं वाकून नानांच्या पायांना हात लावला आणि दोन्ही हातांनी रिमोट घेतला. नानांनीही वाकून पुतण्याच्या पायांना हात लावला, रीतीप्रमाणे, आणि मग कुठं ते दिवाणावर टेकले.

"केरळवालं पोरगं अजून हाय," पप्पू हेडफोनकडं बोट दाखवत म्हणाला. "ह्यांच्या मागं नाम घेतंय मगाधरनं. शब्द कायच्या काय, पण ठेका बरोबर." आणि अचानक आठवल्यासारखं करून त्यानं आदेशच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

"आरं! जिंकलो ना आमी!"

"तू न्हाई, नाना जिंकलं. तू पळून गेलतास."

नाना पाय चोळत होते. "म्हाराज काय बोललं रं?"

"मी त्यांच्या पाठीशीच व्हतो, नाना. सगळं ऐकलं." आदेशचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "लई भारी बोललं. सांगू?"

"सांग की." नाना सरकले आणि दिवाणावरची उशी उचलून त्यांनी आदेशला जागा केली. पप्पू दुसऱ्या बाजूनं खांद्याला खांदा लावून बसला. नानांनी गळ्यातला हेडफोन काढून तिघांच्या मधोमध धरला, पलीकडच्या पोरालाही ऐकू जावं म्हणून.

"पहिल्यापासनं सांग," ते म्हणाले. "आन् मधी पॉज घिऊ नको."