रिझवीसाहेबांची माफी

“धक्का लागला की आधी तू ओरड. जो आधी ओरडतो, त्याची चूक नसते!”

सांगलीत मला गाडी शिकवणाऱ्या शशिकांतमामांचा हा आवाज पंचवीस वर्षं कानात आहे. बँकेने बदली करून मला लखनऊला टाकलं, तेव्हा मी बायकोला, सुहासिनीला, छाती फुगवून सांगितलं, “काळजी करू नकोस. इथे माझ्याशी कोणी भांडूच शकणार नाही!”

ते शब्दशः खरं ठरलं.

सोमवारी महानगर नावाच्या भागात, औषधांच्या दुकानासमोर गाडी मागे घेताना धाडकन आवाज झाला. मागे एक जुनी स्कूटर आडवी, आणि तिच्याशेजारी कुर्ता झटकत उभे असलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. स्कूटर मघापासून तिथेच उभी होती. मी मागे पाहिलंच नव्हतं. तरी पाय जमिनीला टेकायच्या आत मी ओरडलो,

“दिखता नहीं क्या? ऐसे बीच में घुसते हैं?”

त्यांनी हात छातीशी नेला. “माफ़ कीजिए, जनाब. आपको चोट तो नहीं आई?”

आता काय करायचं? पुढचा धडा मामांनी शिकवलाच नव्हता! मी आणखी ओरडलो. ते आणखी वाकले. शेवटी मी माझं कार्ड त्यांच्या हातात कोंबलं. “बैंक में मैनेजर हूँ मैं! समझे?”

“बड़ी मेहरबानी,” म्हणत त्यांनी ते अत्तराच्या फायासारखं जपून खिशात ठेवलं.

घरी मी सांगितलं, की एक म्हातारा स्कूटर घेऊन सरळ अंगावर आला.

“अगंबाई! फार बोलला नाहीत ना त्यांना?” सुहासिनी म्हणाली.

“छे!”

मंगळवारी केबिनमध्ये फोन. “रिज़वी अर्ज़ कर रहा हूँ. आपकी गाड़ी की तबीयत कैसी है?” बुधवारी रेवड्यांचा डबा. गुरुवारी ते स्वतः आले आणि सगळ्या स्टाफसमोर माफी मागून गेले. स्टाफ माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी वरातीतल्या नवरदेवाला घोड्यावरून पाडलं होतं!

शनिवारी संध्याकाळी अलीगंजच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात रिझवीसाहेब. मागे त्यांच्या बेगम, दोन जिने कठडा धरधरून चढलेल्या.

चहा आला. रिझवीसाहेबांनी स्कूटरची चावी टेबलावर ठेवली.

“तीस बरस इन्हें इसी पर घुमाया. अब हमारी नज़र का भरोसा नहीं. आप ही किसी को दिलवा दीजिए.”

पाठवणीच्या वेळी लेकीच्या पदराकडे पाहावं, तशा बेगम त्या चावीकडे पाहत होत्या. मी कप खाली ठेवला.

“साहब…” मी म्हणालो, “स्कूटर तो खड़ी थी आपकी. मैंने ही पीछे नहीं देखा. ग़लती मेरी थी. पूरी मेरी!”

सुहासिनीकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

रिझवीसाहेबांनी सावकाश एक घोट घेतला.

“मालूम है, बेटा. पर छह दिन लगा दिए आपने! हम तो समझे थे, बुध तक बोल देंगे.”

“हमने कहा ही था,” बेगम गुडघा चोळत म्हणाल्या, “हमें ही आना पड़ेगा.”

सुहासिनीने चावी उचलली, अदबीने रिझवीसाहेबांच्या हातात ठेवली. मग माझ्यासमोर तळवा पसरला.

“आता तुमची द्या.”