आमच्या गॅरेजापुरती सरळ गाडी

जून महिन्यात डॅडने गाडीचं एक रबर बदलायचं ठरवलं. एकच. ते मागच्या चाकांवर स्प्रिंगचं काम करणाऱ्या पोलादी पाट्याच्या टोकाला असतं, लिंबाएवढं, आणि ते बदलायला (डॅडच्या म्हणण्यानुसार) शनिवारची एक सकाळ पुरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की आमच्या घरी कुणीतरी काहीतरी मोठं ठरवलं असणार. कुणीही काहीही मोठं ठरवलं नव्हतं.

गाडी १९६८ सालची आहे. टप उघडणारं, इंजिन अवाढव्य आणि मागचा भाग दुबळा. पाय दाबला की इंजिन वाघासारखी झेप घेतं आणि मागची चाकं मात्र जागच्या जागी करडासारखी टुणटुण उडतात. शिवाय जोरात वळवली की सगळी चासीच पिळवटते आणि मॉमच्या बाजूचं दार आपोआप उघडतं. मॉम याला अपघात म्हणते. डॅड याला गाडीचा स्वभाव म्हणतो.

रबरासाठी पाटा काढावा लागला. पाटा गंजलेला निघाला. तो हातात धरून डॅड उभा असतानाच शेजारचे मिस्टर व्हर्न आपली घडीची खुर्ची घेऊन आले. ते एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात होते. आता निवृत्त आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून ते आमच्या गॅरेजात कामाला येतात. काम म्हणजे बसणं.

"ड्वेन, टाकून दे ते पाटे," ते म्हणाले. "पाटे मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या घोड्याच्या बग्गीला शोभतात."

"मग काय लावू?"

"उभ्या स्प्रिंगा. आत शॉकअब्सॉर्बर. आणि आस धरून ठेवायला चार दांडे."

"आणि चासी पिळवटते तिचं?"

"ती आधी पक्की कर. मोडक्या खाटेवर नवी गादी टाकतं का कुणी?"

ऑगस्टमध्ये गाडी चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभी होती. मागची सीट आमच्या जेवणाच्या खोलीत होती. गाडीचा मागच्या बाजूचा तळ कापलेला होता, आणि खाली चासीला जाड लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. मॉम एकदा दारात येऊन उभी राहिली.

"रबर बदललंस का?" तिने विचारलं.

"आता रबर लागतच नाही," डॅड अभिमानाने म्हणाला.

इथपर्यंत माझा काही संबंध नव्हता. सप्टेंबरमध्ये आला. आमच्या गावात होमकमिंगच्या, म्हणजे शाळेच्या वार्षिक फुटबॉल सामन्याआधी मिरवणूक निघते, आणि प्रत्येक वर्गाने निवडून दिलेली एक मुलगी घरच्या उघड्या गाडीच्या मागच्या काठावर बसून गावाला हात हलवते. दहावीच्या दोन लोकप्रिय मुलींमध्ये इतकं भयंकर भांडण झालं की दोघींच्या मैत्रिणींनी समोरचीला मत जाऊ नये म्हणून तिसरीच कुणीतरी शोधली. जिच्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं अशी. ती मी.

मी वर्गात हजेरीला "हो" म्हणते तेव्हा बाई दोनदा वर बघतात. (एकदा तर गैरहजेरी लागली होती. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही.) अख्ख्या मेन स्ट्रीटने माझ्याकडे बघायचं, या कल्पनेनेच माझी जेवणावरची वासना उडाली. माझी एकच आशा होती: गाडी वेळेत होणार नाही.

"समोरच्या स्टुट्झमनकडून त्यांचा पिकअप मागून घेऊ," मॉम म्हणाली.

डॅडने काटा खाली ठेवला. "माझी मुलगी कुणाच्या पिकअपमध्ये बसणार नाही. माझ्या मुलीला माझी गाडी आहे."

त्या दिवसापासून तो दुकानातून आला की न जेवता गॅरेजात जायला लागला. (तो हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर असतो. दिवसभर लोकांना सपाटी बघायची पाणसळ कशी वापरायची ते समजावून सांगतो. हे लक्षात ठेवलेलं बरं.) आणि मला मदतीला घेतलं.

माझी दोन कामं होती. डॅड गाडीखाली, मागच्या स्प्रिंगांची उंची बसवतोय. मी वर, चासीवर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा बघतेय.

"मध्ये आला?"

"अजून नाही. मागची बाजू खाली आहे."

"आता?"

"थोडं अजून."

दुसरं काम, हातातून निसटलेले नट दारापाशी जाऊन पकडणं. कारण आमच्याकडे नट पडला की तो दाराकडेच जातो. इकडे गॅरेजची काँक्रीटची जमीन दाराच्या बाजूला उतरती ओततात, म्हणजे हिवाळ्यात गाडीवरून वितळलेलं बर्फाचं पाणी बाहेर जातं. आमची जमीन डॅडने स्वतः ओतली आहे, आणि तो कुठल्याच कामात हात आखडता घेत नाही. आमच्या गॅरेजातून पाणी वाहत जात नाही, पळत जातं.

ही दोन्ही कामं एकाच वेळी करणाऱ्या माणसाला काहीतरी सुचायला हवं. मला सुचलं. गाडीची शेपटी दाराकडे होती, म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला. बुडबुडा मध्ये यावा म्हणून डॅड शेपटी वर वर उचलत होता. गाडी अगदी सरळ होत होती. तिरकी होती ती जमीन.

हे मी तोंडाने सांगायला हवं होतं. मी चिठ्ठी लिहिली. "डॅड, गाडी सरळ आहे पण जमीन उतरती आहे. बाहेर काढल्यावर काय होईल याचा विचार करावा. — कोरिन." ती हत्यारांच्या पेटीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात सापडली. तिच्यावर ग्रीसची पाच बोटं होती. डॅडने हात पुसले होते.

दुसरी चिठ्ठी मी लिहिली नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, गाडी वाकडी निघाली तर मिरवणूक चुकेल.

"मध्ये आला?" डॅडने विचारलं.

"आला," मी म्हणाले. खोटं काहीच बोलले नाही.

त्याने त्या उंचीवर सगळं कायमचं वेल्ड करून टाकलं.

मिरवणुकीच्या दुपारी, निघायला वीस मिनिटं असताना, गाडी पहिल्यांदा सपाट रस्त्यावर आली. नाक जमिनीला, शेपटी आभाळात. दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. डॅड उतरला. एक चक्कर मारली. मग उलट्या बाजूने आणखी एक मारली. त्याचा चेहरा बघून मला इतकं वाईट वाटलं की मी म्हणाले, "डॅड, मी चालत गेले तरी चालेल."

तेवढ्यात मिस्टर व्हर्न खुर्चीतून उठले. त्यांना उठलेलं मी त्या वर्षात पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी टोपी काढली.

"एकोणीसशे चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "तेव्हा आम्ही सगळे गाड्यांची शेपटी अशीच वर करायचो, ड्वेन. अगदी अशीच. तुला कसं आठवलं रे?"

डॅडने गाडीकडे बघितलं. मिस्टर व्हर्नकडे बघितलं.

"तोच विचार होता," तो म्हणाला.

"कधीपासून?" मॉमने विचारलं.

"जूनपासून."

अशा रीतीने मी मिरवणुकीत गेले. निळा ड्रेस, खांद्यावरून पट्टा, आणि बसायची जागा घसरगुंडीसारखी. डॅडने ब्रेक लावला की मी पुढे घसरून सीटवर यायची, सीटवरून खाली. पुन्हा चढेपर्यंत पुढचा ब्रेक.

"हात हलव, पोरी!" डॅड पुढून ओरडला. "लोक बघतायत!"

"कुठला हात?" मी खालून विचारलं. एका हाताने मी टपाचा दांडा धरला होता आणि दुसऱ्याने ड्रेस.

पण लोक बघत होते हे खरं. बँकेच्या कोपऱ्यावर पुढचा ट्रॅक्टर लांब गेला, तशी डॅडने जरा पाय दाबला. गाडी टुणकन उडाली नाही. दार उघडलं नाही. ती सुतासारखी सरळ पुढे गेली. आणि फुटपाथवरचे सगळे पुरुष, तरणे आणि म्हातारे, एकदम कमरेत वाकले आणि गाडीच्या खाली बघायला लागले. चर्चमध्येसुद्धा ते इतक्या एकसाथ वाकत नाहीत. एक आजोबा डोळे पुसत होते. पुढच्या कोपऱ्यापर्यंत माझी भीती गेली. मी चक्क नीट चढून बसले, दांडा सोडला आणि हात हलवला. एका बाईंनी उलट हात हलवला. (आमच्या मागून येणाऱ्या बँडमध्ये त्यांचा मुलगा होता.)

मला ते आवडलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गुरुवारी गावचं साप्ताहिक आलं. पहिल्या पानावर अर्धं पान फोटो: आमच्या गाडीचा मागचा आस, खालून. बातमीदार बहुतेक रस्त्यावर आडवा झाला असावा. बातमीत स्प्रिंगा होत्या, चार दांडे होते, चासीच्या पट्ट्यांची जाडी होती, टायरची रुंदी होती, डॅडचं पूर्ण नाव होतं आणि "सत्तरच्या दशकाला वाहिलेली भावपूर्ण आदरांजली" असंही होतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: "दहावीची प्रतिनिधी कोरिन पाव्लिक हिला काही कारणाने मिरवणुकीत सहभागी होता आलं नाही."

मॉम फोन करायला निघाली. मी म्हणाले, मी करते. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, दोन दिवस पाठ केलं आणि शनिवारी फोन लावला.

"मिरवणुकीच्या बातमीत एक चूक झाली आहे," मी म्हणाले. इथपर्यंत पाठ होतं तसंच आलं. "पाव्लिकांच्या—"

"टायरची ना?" संपादक म्हणाले. "सकाळपासून तुमचा सहावा फोन. पुढच्या अंकात दुरुस्ती देतो. अजून काही?"

मी कागदाकडे बघितलं. अजून सात ओळी होत्या.

"नाही," मी म्हणाले. "तेवढंच."

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या पानावर चौकट आली. मागचे टायर दहा इंच रुंद असल्याचं छापलं होतं, ते साडेदहा इंच असं वाचावं. चूक लक्षात आणून देणाऱ्या सर्व वाचकांचे, आणि विशेषतः श्री. पाव्लिक यांच्या चिरंजीवांचे, आभार.

मी एकुलती एक आहे.