सातवा रकाना

पत्राला उत्तर न देणं हीदेखील एक शासकीय सेवाच आहे, असं एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं मत झालं आहे. (मत चुकीचं असू शकेल. माझी बरीच असतात.) उत्तर गेलं की विषय संपतो. उत्तर गेलं नाही की नागरिकाची आशा आणि खात्याची फाइल, दोन्ही उघड्या राहतात. मी राज्याच्या वन्यजीव खात्यात उत्तरांच्या टेबलावर होतो. त्या काळात चौदा हजारांवर पत्रांना मी उत्तरं दिली आणि एकाला दिलं नाही. ते गेल्या वर्षी मार्चमध्ये आलं, माझ्या निवृत्तीला तीन महिने असताना, आणि आलं ते माझ्या घरामागच्या गल्लीतून.

"माननीय खात्यास," त्यात लिहिलं होतं, "मी रानमेंढ्याच्या परवान्यासाठी चौतीस वर्षं अर्ज करते आहे. चौतीस वेळा आपण 'यंदा निवड झाली नाही' असं वेळेवर कळवलंत, त्याबद्दल आभार. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे अजून दोन हिवाळे चालतील. माझं नाव पिंपात पडतं ना, एवढं खरं खरं सांगा. एक ओळ पुरे. ऑगस्टा थोर्सन."

खात्याकडे एकोणीस तयार उत्तरं होती. हरवलेल्या परवान्यासाठी पाचवं, अंगणात शिरलेल्या मेंढ्यासाठी अकरावं, शिवीगाळीसाठी सोळावं. (सोळावं सर्वांत सौम्य होतं आणि सर्वांत जास्त जायचं.) 'खरं खरं' या सदराखाली एकही नव्हतं.

आता खात्याविषयी दोन चांगले शब्द लिहिले पाहिजेत, कारण पेन्शन तिथूनच येतं.

आमच्या डोंगरातले मोठ्या शिंगांचे रानमेंढे वाढावेत म्हणून दरवर्षी त्यातले थोडे मारावे लागतात. हे वाक्य बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं. आमच्याकडे ते मुलांना शाळेतच कळतं. शिकारी परवान्याचे पैसे भरतात, त्या पैशांतून मेंढ्यांची निगा राखली जाते, निगेमुळे मेंढे वाढतात, आणि वाढले की शिकारीला मिळतात. निगा म्हणाल तर हेलिकॉप्टरमधून जाळं टाकून मेंढा पकडतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात, नाकातला शेंबूड तपासायला पाठवतात, फुप्फुसं ऐकतात आणि गळ्यात पट्टा घालून सोडून देतात. गावातल्या माणसाला फुप्फुसं ऐकवायची तर नव्वद मैल गाडी चालवावी लागते. तेव्हा मेंढ्यांविषयी थोडा मत्सर असणं स्वाभाविक आहे.

मोजणी विमानातून होते. परवाच्या मोजणीत आमच्या विभागात एकशे बारा मेंढे भरले. त्यातला एक दगड आहे, हे पुढे लक्षात आलं. परंतु तो त्याआधीच्या वर्षीही मोजला गेला होता, आणि एकदम वगळला असता तर संख्या घटल्याचं दिसलं असतं, म्हणून कायम ठेवण्यात आला. (दगडाची प्रकृती उत्तम आहे.) एकशे बारांपैकी तीन नर मारण्याची परवानगी मिळते. त्या तिघांसाठी गेल्या वर्षी अर्ज आले चार हजार एकशे अठरा.

मग सोडत काढतात. पूर्वी त्यासाठी लाकडी पिंप होतं. आता संगणक आहे, पण लोक अजून पिंपच म्हणतात, कारण राग काढायला डोळ्यांसमोर काहीतरी गोल लागतं. ज्याचा नंबर लागत नाही त्याला खातं एक गुण देतं. नापास होण्याबद्दल गुण देणारी दुसरी संस्था माझ्या वाचनात नाही. शिवाय त्या गुणांचा वर्ग करून तितक्या चिठ्ठ्या पिंपात टाकतात. दहा वर्षं नापास झालेल्याच्या शंभर चिठ्ठ्या, नवख्याची एक.

साहजिकच गावात गुणांना मान आहे. कॉफीच्या दुकानात भिंतीवर फळा आहे आणि त्यावर थोर्सनबाईंचं नाव सर्वांत वर. त्यांनी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे गावातला प्रत्येक प्रौढ माणूस कधी ना कधी त्यांचा ओरडा खाऊन मोठा झाला आहे. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्या ट्रॅक्टरवर बसतात आणि छातीवर गुणांची पट्टी असते. लोक टाळ्या वाजवतात. एकही मेंढा न मारता मेंढ्यांच्या शिकारीबद्दल इतका सन्मान इतर कोणाला मिळालेला नाही.

पत्राचं उत्तर लिहायचं म्हणून मी त्यांचे जुने अर्ज काढले. चौतीसच्या चौतीस. सुवाच्य अक्षर, पूर्ण पत्ता, एकही खाडाखोड नाही. मग माझं लक्ष सातव्या रकान्याकडे गेलं, आणि मी उठून दार लावून घेतलं.

सातवा रकाना असा आहे: "अर्जदार चालू वर्षाच्या निवडप्रक्रियेच्या अधीन न राहता गुणवृद्धीस पात्र राहू इच्छितो काय? होय / नाही." अर्थ इतकाच, की यंदा पिंपात नाव नको, नुसता गुण द्या. ज्यांना त्या वर्षी सवड नाही अशांची ती सोय आहे. थोर्सनबाईंनी चौतीस वेळा 'होय' वर खूण केली होती. त्यांना दोष देता येत नाही. पात्र राहू इच्छिता का असं सरकारनं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? आदल्या वर्षी एकूण एक हजार एकशे चार जणांनी 'होय' केलं होतं. त्यावरून खात्यानं निष्कर्ष काढला होता, की नागरिकांना वाट पाहणं आवडतं.

त्यांची एकही चिठ्ठी कधी पिंपात पडली नव्हती. तरी 'यंदा निवड झाली नाही' हे दरवर्षी कळवलं गेलं, आणि ते दरवर्षी शब्दशः खरं होतं. खातं थोर्सनबाईंशी एकदाही खोटं बोललेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. रकान्याचं ते वाक्य माझं आहे. नोकरीच्या आधी, कॉलेजात असताना, उन्हाळी कामावर मी ते रचलं होतं. साहेबांनी वाचून "भारदस्त आहे" असं म्हटलं होतं. मी ते शब्द बरीच वर्षं मनात जपून ठेवले होते.

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिला मसुदा तीन पानी झाला, दुसरा नऊ. तिसऱ्याच्या चौदाव्या पानावर मी रानमेंढ्यांच्या हिमयुगातल्या स्थलांतरापर्यंत गेलो आणि थांबलो. अर्जांची एक मेची मुदत निघून गेली. बाईंनी पस्तिसाव्यांदा 'होय' केलं.

त्याच सुमारास अर्ज संगणकावर आले, आणि नवा अर्ज चालतो का हे पाहण्यासाठी एक खोटा अर्ज भरून बघ, असं मला सांगण्यात आलं. सरकारी कागदावर खोटं नाव लिहिणं मला जमलं नाही. मी माझंच नाव घातलं. सातव्या रकान्यात, वाक्य माझंच असल्यामुळे, 'नाही' वर खूण केली. चाचणी यशस्वी झाली आणि अर्ज काढून टाकायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जूनमध्ये निकाल लागला. तीन भाग्यवंतांपैकी एक मी होतो: गुण शून्य, चिठ्ठी एक, बंदूक नाही. अभिनंदनाच्या पत्राखाली सही माझीच होती.

मी परवाना परत करायला डॅरेल किंकेडकडे गेलो. तो आमच्या विभागाचा मेंढे-अधिकारी. मारलेल्या मेंढ्याच्या शिंगात भोक पाडून धातूचा क्रमांक ठोकतो.

"परत करता येईल," डॅरेल म्हणाला. "पण मग तो कोणालाच मिळणार नाही. आणि वरचे म्हणतील, तिसऱ्याची गरज नव्हती. पुढच्या वर्षी दोनच परवाने."

"थोर्सनबाईंना देता येणार नाही?"

"नावावरचा परवाना आहे, वेंडेल. टोपी नाही ती, याच्या डोक्यावरून त्याच्या डोक्यावर ठेवायला. तू त्यांना सोबत घेऊन जा. सोबतीला नियम नाही."

मी बाईंकडे गेलो, तेव्हा त्या अंगणात बटाटे काढत होत्या. मी टोपी हातात घेऊन बातमी सांगितली.

"शून्य गुणांवर," त्या म्हणाल्या.

"हो."

"लहानपणी बसमध्ये तुला खिडकीजवळ बसायलासुद्धा भीती वाटायची." त्यांनी हातांची माती झटकली. "चल. मेंढा मी शोधीन, वय मी मोजीन. तू फक्त चाप ओढ. तेवढं येईल ना?"

"पुस्तक आणलंय मी त्यावरचं."

"आणणारच तू."

आमच्याकडे एक मेंढा आहे, त्याला गाव चेअरमन म्हणतं. शिंगांचा पूर्ण वेढा, चालण्यात घाई नाही. पंधरा सप्टेंबरला शिकारीचा हंगाम उघडला की तो गावाच्या कबरस्तानात येऊन राहतो. गावाच्या हद्दीत बंदूक चालवायला बंदी आहे. नोव्हेंबर संपला की डोंगरात परत जातो. खात्यानं याची चौकशी केली. मेंढ्यांना हद्दीचा नकाशा देण्यात आलेला नसल्यामुळे हा योगायोग समजावा, असा अहवाल आला.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी आम्ही कबरस्तानाच्या वरच्या उतारावर पालथे पडलो होतो. वारा असा होता, की बाईंनी टोपीवरून मफलर बांधला होता. त्यांनी मला सुक्या मांसाचा एक तुकडा दिला आणि दुर्बिणीला डोळा लावला. दहा वाजता चेअरमन उठला, कुंपणाच्या पडक्या भागातून बाहेर आला आणि कायदेशीर जमिनीवर वीस पावलं चालून उभा राहिला. का, ते त्यालाच ठाऊक.

"हलू नको," बाई पुटपुटल्या. शिंगावर दर हिवाळ्याला एक वलय उमटतं. त्या ती मोजत होत्या. "आठ. नऊ. दहावं झिजलंय, पण आहे. वेंडेल, घाल गोळी."

मी बंदूक बाजूला ठेवली आणि नियमपुस्तिका काढली.

"काय करतोयस?"

"शिंग कायद्यात बसतं का, बघून घेतो."

"ते शिंग आंधळ्याच्या कायद्यातसुद्धा बसेल."

"तरी मोठ्यानं वाचतो. म्हणजे दोघांना कळेल."

माझा बेत असा होता. नवव्या पानावर सातव्या रकान्याचं स्पष्टीकरण आहे. मी पहिल्या पानापासून वाचत गेलो, तर नवव्यावर बाईंना आपोआप कळेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. आयुष्यात इतका धाडसी बेत मी दुसरा केलेला नाही. मी वाचत राहिलो. चेअरमननं सहा पानं शांतपणे ऐकली. आठव्या पानावर शिंगाची आकृती आली. मग नववं आलं. मी पान उलटलं आणि थेट दहावं वाचलं. वर पाहिलं, तेव्हा चेअरमन कुंपणापलीकडे एका फुलदाणीतली प्लास्टिकची फुलं हुंगत होता.

बाईंनी दुर्बिणीवरून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या, की दुर्बीण कलंडली.

"पस्तीस वर्षांत कायदेशीर जमिनीवर मी एवढ्या जवळून पाहिला नव्हता," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि हा वाचतोय. माझा नंबर लागेल ना, तेव्हा तू घरी थांब हं."

"थांबेन."

त्या उठायला लागल्या आणि मला हात द्यावा लागला. डावा गुडघा वाजला.

"हा एक हिवाळा गेला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतो, पुढच्यानंतर काठी. काठी घेऊन मेंढ्यामागं कोण जातं." थोडं उतरल्यावर, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "माझं पत्र पोचलं होतं का रे?"

"टपाल फार असतं," मी म्हणालो.

"एका ओळीचं काम होतं."

"हो."

शिकार झाली नाही, तर डॅरेलला कारण भरावं लागतं: हवामान, प्राणी न दिसणं, इतर. त्यानं 'इतर' वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "वाचन". वाचनामुळे होणारं नुकसान राज्यात नगण्य असल्यानं परवाने तीनच राहिले.

फळ्यावर बाईंच्या नावापुढे पस्तीस झाले. पस्तिसाचा वर्ग बाराशे पंचवीस. त्या बाराशे पंचवीस चिठ्ठ्या गेला हिवाळाभर माझ्या डोक्यात भिरभिरत होत्या. 'नाही' वर एक खूण झाली, की सगळ्या एकदम पिंपात पडतील. पण मग त्यांना हेही कळेल, की आजवर एकही पडली नव्हती, आणि ट्रॅक्टरवरची ती सगळी मिरवणूक कशाची होती. चौदा पानांत मला जे लिहिता आलं नव्हतं, ते परवा पंचवीस एप्रिलला पाच ओळींत झालं.

"प्रिय ऑगस्टाबाई, नाही. तुमचं नाव पिंपात कधीच पडलेलं नाही.
सातव्या रकान्यात 'नाही' वर खूण करा. मुदत एक मे.
रकान्यातलं वाक्य माझं आहे.
नंबर लागला, तर मी घरी थांबेन.
वेंडेल."

आज टपाल कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बर्निसनं पत्ता वाचला. "ही तर तुझ्या मागच्या गल्लीत. मी दुपारी तिकडेच चाललेय. देऊन टाकू?"

"नको. टपालानंच जाऊ दे."

"वर्गवारीला दोनशे मैल जाऊन परत येईल मग. तीन दिवस."

"चालेल. मुदत एक तारखेची आहे."

तिनं माझ्याकडे, मग कॅलेंडरकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

राहिले 'होय' म्हणणारे एक हजार एकशे तीन. त्यांचे पत्ते आता माझ्याकडे नाहीत, म्हणून हे छापायला देतो आहे. वाचताना थोर्सनबाईंचं आपल्याला वाईट वाटलं असेल, थोडं हसूही आलं असेल. आपण कधी मेंढ्यासाठी अर्ज केला नसेल, हे मला मान्य आहे. पण दरवर्षी ज्यासाठी थांबून राहता, त्याच्या अर्जातला सातवा रकाना एकदा नीट वाचा. आपले गुण उत्तम असणार, यात शंका नाही. बाईंचं उत्तर आज टपालात पडलं. आपल्या पत्राला उत्तर देणारा टेबलावरून केव्हाच निवृत्त झाला आहे.