सासऱ्यांनी पारखलेली क्लच प्लेट

यंत्रातलं मला जितकं कळतं, तितकं अख्ख्या चांदा जिल्ह्यात कोणाला कळत नाही, असं मी त्या काळी छातीठोकपणे सांगत असे. का नाही सांगणार? वडशाच्या धानगिरणीचं तेलावरचं इंजिन माझ्या हाताखाली होतं! शिवाय माझ्याकडे मोटार होती. साधीसुधी नव्हे. लालभडक, बिनटपाची, दोन माणसांची, शर्यतीच्या घाटाची मोटार! जंगलखात्यातला एक साहेब विलायतेला परत जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला होता.

"दोघायचीच?" मोटार पाहून आमच्या गुणाबाई म्हणाल्या. म्हणजे आमचं कुटुंब. "आन पोरं कुठी बसवता? चाकावर?"

बायकोला तोंडावर उत्तर देण्याची संधी मला लवकरच मिळाली. तिच्या धाकट्या बहिणीचं, रुखमाचं, लग्न ठरलं. मी भर बैठकीत जाहीर केलं, "नवरदेव वडसा स्टेशनापासून मांडवापर्यंत माह्या मोटारीत येईन!"

सगळे खूश झाले. रुखमा तेवढी झाली नाही. तिची आधीची दोन स्थळं मानपानावरून मोडली होती. एक पागोट्यावरून, एक पंगतीत वाढायला उशीर झाला म्हणून. ती मला दाराआड गाठून म्हणाली, "भाऊजी, लटारू मले मनापासून पसंत आहे जी. त्याचा बा लय तापट. तुमच्या मोटारीपायी हा बी वापस गेला नाई पायजे!"

"अवं, मी आहे नं!" मी म्हणालो.

अडचण एकच होती. मोटारीचा क्लच गेला होता. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधला दलाल. पायाखालचा दांडा दाबला की दोघांचं बोलणं बंद, सोडला की सुरू. आमचा दलाल म्हातारा झाला होता. इंजिन बोंबलायचं आणि चाकं ऐकायचीच नाहीत! नवी प्लेट मुंबईहून मागवायची तर बैलजोडीच्या भावात पडत होती. म्हणून नागपूरचा जुना लोखंडबाजार गाठायचं ठरवलं.

सौदा स्वस्तात करायचा, तर सोबतीला आमच्या सासऱ्यांसारखा माणूस नाही! दादाजी म्हणजे बैलबाजारातले नामांकित पारखी. दुपट्ट्याखाली समोरच्याची बोटं धरून ते असा भाव पाडत, की विकणारा घरी पोचल्यावर रडायचा. नागभीडला गाडी बदलून आम्ही नागपूर गाठलं.

दुकानदार शेठनं दोन प्लेटी समोर ठेवल्या. एक माझ्याच जातीच्या मोटारीची, थोडी वापरलेली. दुसरी लॉरीची, चांगली जाडजूड. दादाजींनी पहिली उचलली, उलटी केली, तिच्यावर थाप मारली आणि नाक मुरडलं.

"जवाईबापू, हे तं उपाशी आहे! हे का वझं वाह्यते?" मग दुसरी हातात घेतली आणि चेहरा खुलला. "हे पाहा! कसं भरलं अंग आहे!"

"बाबाजी, ते लॉरीचं आहे," शेठ म्हणाला. "बसते, पण घासून पातळ करा लागते."

"आम्हाले शिकवता का?" मी म्हणालो. हो, मीच म्हणालो!

मग दादाजींनी शेठच्या हातावर दुपट्टा टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारात असा भाव मुक्यानंच ठरतो. पण शेठनं उभ्या जन्मात बैल घेतला नव्हता. तो बिचारा आधी दचकला, मग दादाजींच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहून त्यानं आपणहून जीभ बाहेर काढली!

"वैद्यबुवा, जेवण जिरतच नाही हो!"

सौद्यात बोलायचं नाही, हा दादाजींचा नेम. त्यांनी आणखी एक बोट दाबलं.

"हो, हो, तिथंच! पार छातीपर्यंत जळजळते!"

"पाह्यलं? नरम पडला!" दादाजी माझ्या कानात म्हणाले आणि त्यांनी आपल्या मनातली रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

"पैशाचं राहू द्या, औषध सांगा!" शेठ काकुळतीला आला.

"ताक पीत जा," दादाजी म्हणाले. शेठनं त्यांचे पाय धरले. प्लेट आम्हाला लोखंडाच्या भावात मिळाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी ती बसवली. बसली! इंजिन सुरू केलं. सुरू झालं! दांडा दाबून गिअर टाकला आणि मोटार मला घेऊन सरळ गिरणीच्या कोंड्यात घुसली. दांडा दाबा नाहीतर सोडा, तिला काही फरकच पडेना. जाड प्लेट इंजिनाला अशी चिकटून बसली होती, की सोडायचं नाव नाही. घासायची तर पुन्हा सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागणार होता, आणि लग्न उद्यावर! मग मी एक तोड काढली. मोटार पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, ढकलून सुरू करायची आणि थेट मांडवासमोर इंजिन बंद करायचं. मध्ये थांबायचंच नाही!

दुसऱ्या दिवशी स्टेशनावर वऱ्हाड उतरलं. लटारू बाशिंग बांधून माझ्या शेजारी बसला. गडी देखणा, पण अबोल. गिरणीतल्या हमालांनी मोटार ढकलली आणि ती फुरफुरत निघाली. नवरदेवाचे वडील मुखरूभाऊ घरूनच आपली दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून आले होते आणि डोळे वटारून पाहत होते.

"नवरदेवाची गाडी ढकलून काढता?" ते मागून ओरडले. "एक डाव खपवून घेतलं! पुन्हा ढकलाची पाळी आली, तं पोरगा माह्या दमणीत बसन आन दमणी घराकडं फिरन!"

 पहिल्या गिअरमध्ये आमची शर्यतीची मोटार कशी धावली म्हणता? मुखरूभाऊंची बैलांची दमणी घुंगरं वाजवत आम्हाला मागे टाकून गेली!

गावाच्या शिवेवर आलो आणि मारोतीचं देऊळ दिसलं. तेव्हा कुठे मला आठवलं. अरे बाप्पा! नवरदेव आधी मारोतीपाशी थांबतो! तिथं ओवाळणं, पाया पडणं, मगच मांडव. इंजिन बंद केलं तर पुन्हा ढकलावं लागणार. ढकललं तर रुखमाचं लग्न मोडणार. आणि मुखरूभाऊ हाताची घडी घालून देवळासमोरच उभे!

मी डोळे मिटले, हँडल वळवलं आणि देवळाला फेरी मारली.

"आवो जवाईबापू, थांबा नं जी!" सासूबाई आरतीचं ताट घेऊन मागे धावल्या.

"थांबतो, थांबतो!" म्हणत मी दुसरी फेरी सुरू केली.

सासूबाईंमागे करवल्या धावल्या, करवल्यांमागे वाजंत्री. "मोटारवाल्या नवरदेवाचं असंच राह्यते वाट्टे!" एक म्हातारी म्हणाली. मग काय, सगळा गावच देवळाभोवती फिरू लागला! तिकडून भटजी ओरडले, "मुहूर्त चालला!"

मी घामाघूम होऊन लटारूला सगळं खरं सांगून टाकलं. त्यानं दोन्ही हातांनी मोटारीची कड घट्ट धरली. चेहरा पांढराफटक, बाशिंगाच्या झिरमिळ्या झुलताहेत. देवळाचं दार पुन्हा समोर आलं, तशी त्यानं एकदम बाहेर झेप घेतली. धप्प! मारोतीसमोरच्या धानाच्या तणसावर हात पसरून पालथा!

"काय झालं रे?" मुखरूभाऊ धावले.

"नवस होता, बा," लटारू मान न उचलता म्हणाला. "फिटला."

मुखरूभाऊंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माह्या पोराचा देवावर एवढा भाव!" त्यांनी पोराला उठवून छातीशी धरलं, सासूबाईंनी धापा टाकत ओवाळलं आणि सगळे वाजतगाजत पायीच मांडवाकडे निघाले. मोटारीचं कोणी नावही काढलं नाही. आनंदाच्या भरात इंजिन बंद करायचं विसरून मी एकट्यानंच आणखी एक फेरी मारली.

लग्न मुहूर्तावर लागलं. रुखमा पाया पडली तेव्हा अशी हसत होती, की मला भरून आलं. पंगत उठल्यावर मी लटारूला बाजूला घेतलं आणि हात जोडले.

"बापू, तुमचे उपकार जन्मात विसरणार नाही. ऐन वेळी काय उडी मारली तुम्ही!"

"उडी?" लटारू पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "गरगर फिरून मले भोवळ आली भाऊ! पडलो मी! पडलो म्हटलं असतं तं बानं तिथंच दमणी जुंपली असती. म्हणून नवस म्हटलं."

पडला तर पडला! उपकार ते उपकारच. ते मी अजून फेडतो आहे. साडू यायचा असला की मी स्टेशनावर स्वतः बैलबंडी घेऊन जातो. आणि वाटेत मारोती दिसला की आधी विचारून घेतो, "सरळच जाऊ नं जी?"